बिळातला शहाणा, कूलरवरचा होला

मार्च अर्धा उलटला की नागपूरचा माणूस तापमानाबद्दल ज्या सुरात बोलू लागतो, तो ऐकून बाहेरगावच्या पाहुण्याला वाटावं की हे ऊन यानेच कष्टाने पिकवलंय. ‘काल त्रेचाळीस होतं’ हे वाक्य इथे तक्रार म्हणून कुणी उच्चारत नाही. पुण्याहून आलेला जावई ‘आमच्याकडेही यंदा चाळीसला टेकलं हो’ असं म्हणाला, तर घरातली मंडळी एकमेकांकडे बघतात आणि त्याला आणखी थोडं पन्हं देतात. बिचाऱ्याचा दोष नाही, लहान गावातून आलाय.

२३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. ही तारीख इथल्या कित्येक गृहस्थांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ आहे. त्या दिवशी आपण नेमके कुठे होतो, काय खाल्लं, कुणाची गाडी बंद पडली, सगळं तपशीलवार सांगतात. या अभिमानाला एकच गालबोट आहे, ते म्हणजे चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी. राज्यातल्या सर्वांत तप्त शहराची बातमी आली आणि त्यात यांपैकी कुणाचं नाव दिसलं, की नागपूरकर पेपर घडी करून ठेवतो. ‘तिथे कोळशाच्या खाणी आहेत, विजेचा कारखाना आहे. आपलं ऊन नैसर्गिक आहे,’ असं एका निवृत्त गृहस्थांनी मला फार गंभीरपणे समजावलं होतं.

३० मे २०२४ ला तर कमाल झाली. शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ अंश दाखवले. मोबाइलवर बातमी फिरली आणि शहरात एक विलक्षण चैतन्य पसरलं. जगाचा विक्रम अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा, ५६.७ अंशांचा. म्हणजे पाऊण अंशाने हुकला! मग हवामान खात्याने खुलासा केला की यंत्रात बिघाड होता, बाकीच्या केंद्रांवर चव्वेचाळीसच्या आसपासच नोंद आहे. आमच्या चौकातल्या पानठेल्यावर त्या संध्याकाळी जी उदासी होती, ती मी क्रिकेटच्या फायनलनंतरही पाहिलेली नाही. ‘दाबून टाकलं, राजे हो,’ एक जण म्हणाला. ‘नागपूरचं नाव होऊ देत नाही हे लोक.’

या सगळ्या अभिमानाच्या मुळाशी एक विधान आहे : ‘आम्हाला सवय आहे.’ आणि या विधानाची मला अलीकडे फार शंका येऊ लागली आहे. पंचेचाळीस अंशांची सवय होते म्हणजे काय होतं? माणसाच्या शरीराचं तापमान सदतीस. बाहेर पंचेचाळीस असलं तर उष्णता बाहेरून आत येणार, हे सातवीच्या विज्ञानात आहे. तिथे विदर्भाचा अनुशेष म्हणून काही वेगळा नियम लागू नाही. तेव्हा सवय-बिवय काही नसून, या उन्हातून पार पडायच्या दोनच युक्त्या आहेत आणि नागपूरचा प्रत्येक माणूस त्यांपैकी एकीचा अनुयायी आहे, असं माझं मत होत चाललंय. एक पंथ वाळवंटातल्या उंदराचा. दुसरा आपल्या खिडकीवरच्या होल्याचा.

आधी उंदीर. थरच्या वाळवंटात, राजस्थानपासून खाली कच्छपर्यंत, जर्बिल नावाचा एक वाळूच्या रंगाचा, मुठीएवढा, शेपटीच्या टोकाला झुपका असलेला प्राणी राहतो. जोधपूरला १९५९ पासून केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था आहे. तिथे ईश्वर प्रकाश नावाच्या शास्त्रज्ञांनी आयुष्यातला मोठा काळ या आणि अशाच वाळवंटी उंदरांच्या मागे घालवला. संस्थेचा मुख्य हेतू अर्थात हे उंदीर शेतीचं नुकसान किती करतात हे शोधण्याचा. पण शत्रूचा अभ्यास करता करता माणूस त्याच्या प्रेमात पडतो. कुठल्याही सासू-सुनेला विचारा.

जर्बिलचा अमेरिकेतला एक समधर्मी आहे, कांगारू उंदीर. रक्ताचं नातं लांबचं, वृत्ती मात्र सख्ख्या भावाची. क्नुट आणि बोडिल श्मिट-नील्सन या नवरा-बायकोने १९४०-५० च्या सुमारास अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात त्याचा हिशोब मांडला. प्रश्न साधा होता : हा प्राणी पाणी पीतच नाही, सुकं बी खातो, तर जगतो कसा? उत्तर असं निघालं, की हा पाणी खातो. म्हणजे खाल्लेलं अन्न शरीरात जळतं तेव्हा त्यातून पाणी तयार होतं. एक ग्रॅम पिष्ट पदार्थातून साधारण अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त, एक ग्रॅम चरबीतून तर एक ग्रॅमहूनही किंचित जास्त. तुमच्या-माझ्यातही हे होतं. आपण फक्त त्या उत्पन्नावर घर चालवू शकत नाही, कारण आपला खर्च अवाढव्य. कांगारू उंदराचा खर्च बघा. घाम नाही. विष्ठा वाळकी. लघवी एवढी दाट, की माणसाची मूत्रपिंडं जास्तीत जास्त जेवढी दाट करू शकतात त्याच्या चौपट. आणि श्वास? फुप्फुसातून येणारी दमट हवा बाहेर सोडताना तो ती नाकाच्या थंड नळीतून नेतो, तिथे तिच्यातली वाफ निवून थेंब होते आणि ते पाणी परत आत. वाफसुद्धा फुकट बाहेर जाऊ द्यायची नाही! इतकी काटेकोर जमाखर्चाची वही मी फक्त आमच्या हाउसिंग सोसायटीच्या खजिनदारांकडे पाहिली आहे.

पण या नाकाच्या आणि मूत्रपिंडाच्या कौतुकात एक मुख्य गोष्ट मागे राहते. ती म्हणजे, वाळवंटातला हा महान तपस्वी भर दुपारी वाळवंटात नसतोच. तो बिळात असतो. कांगारू उंदीर रात्री बाहेर पडतो. थरचा जर्बिल दिवसा फिरणारा आहे खरा, पण त्याचं वेळापत्रक पाहिलं तर हसू येतं. हिवाळ्यात तो दुपारच्या कोवळ्या उन्हात हिंडतो आणि उन्हाळा आला की सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक फेरी, मधला वेळ आत. वर वाळू तापून तव्यासारखी झालेली असते आणि खाली बिळात हवा तुलनेने थंड आणि श्वासामुळे दमटही. ज्याला आपण ‘वाळवंटी सहनशक्ती’ म्हणतो तिच्यातला निम्म्याहून जास्त भाग म्हणजे वेळेवर घरी परतणं.

आमचे महाल भागातले थोरले मामा या पंथाचे आचार्य. त्यांचा वाडा जुना, भिंती हातभर जाडीच्या. चैत्र लागला की सकाळी आठच्या ठोक्याला वाड्याच्या सगळ्या खिडक्या, दारं, झडपा बंद. पडदे ओढलेले, माजघरात अंधार. आठ वाजून पाच मिनिटांनी आलेल्या माणसाला मामा आत घेतात, पण त्याच्याकडे असं बघतात की जणू तो पोतं भरून ऊन घेऊन आलाय. संध्याकाळी साडेसहाला सगळं उघडतं, अंगणात पाणी मारलं जातं, खाटा गच्चीवर जातात. मधल्या दहा तासांत मामांच्या हालचाली मोजक्या. फार बोलत नाहीत, ‘तोंड उघडलं की ओल जाते’. बाहेर पडायचंच झालं तर कान-डोकं शेल्याने गुंडाळून, खिशात कांदा. कांद्याचं विज्ञान मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, ‘आतापर्यंत मला ऊन लागलं का?’ या युक्तिवादापुढे श्मिट-नील्सन दांपत्यही निरुत्तर झालं असतं.

मामांचं सरकारविषयीही एक निरीक्षण आहे. १९५३ च्या नागपूर करारात ठरलं की राज्याच्या विधिमंडळाचं वर्षातून एक अधिवेशन नागपुरात होईल. कोणतं, ते मुंबईकरांनी बरोबर ओळखलं. डिसेंबर! संत्री बाजारात, हवेत गारवा, अंगात नवं जॅकेट. ‘शहाणे लोक,’ मामा म्हणतात. ‘वेळ पाहून बिळाबाहेर पडतात.’

वाळवंटी प्राणी म्हणजे उन्हाला न घाबरणारा प्राणी, या गैरसमजापायी आमच्या इमारतीत मागच्या उन्हाळ्यात मोठं महाभारत झालं. वरच्या मजल्यावरच्या मुलाने वाढदिवसाला हॅमस्टर मागितला. जर्बिल इथे सहजी मिळत नाही, हॅमस्टर मिळतो. हाही कोरड्या मुलखातला, सीरियाकडचा. दुकानदाराने खात्रीने सांगितलं, ‘रेगिस्तान का जानवर है, भैया. गर्मी की तो इसको आदत है.’ म्हणजे नागपूरकराचंच वाक्य. मुलाच्या बाबांना ते एकदम पटलं. स्वजातीय भेटल्याचा आनंद झाला असावा.

आता या हॅमस्टरचं घराणं कुठलं? १९३० मध्ये इस्रायल अहारोनी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने अलेप्पोजवळ एका गव्हाच्या शेतात मजूर लावून खणलं. खणता खणता जवळजवळ अडीच मीटर खाली गेल्यावर एक मादी आणि तिची अकरा पिल्लं सापडली. आज जगभरच्या घराघरांत जे सोनेरी हॅमस्टर चाकावर पळतात, ते बहुतेक सगळे त्या एका बिळाचे वंशज. अडीच मीटर! म्हणजे यांच्या पणजीने उन्हापासून किती अंतर राखलं होतं ते पाहा. अशा घराण्यातला जीव आणून तुम्ही त्याला मे महिन्यात मनीषनगरच्या दुसऱ्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीला लागून, काचेच्या पेटीत ठेवलात. त्याला ना खणायला जमीन, ना पळायला बीळ. पारा पस्तिशीच्या पुढे गेला तसा तो आडवा पडला, पोट जमिनीला टेकवून, पाय पसरून. प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, याला वीस ते चोवीस अंशांत ठेवा, नाहीतर उष्माघात होईल.

त्या घरात तोवर एसी नव्हता. आजोबांसाठी घ्यायचा की नाही, यावर तीन उन्हाळे चर्चा सुरू होती. आजोबांचं म्हणणं, ‘मला काय करायचाय, आम्हाला सवय आहे.’ हॅमस्टरसाठी तो दोन दिवसांत लागला. तेव्हापासून आजोबा सकाळी नऊलाच पेपर, चष्मा आणि अडकित्ता घेऊन हॅमस्टरच्या खोलीत जातात. कुणी विचारलं तर सांगतात, ‘त्याला एकटं वाटतं.’ संध्याकाळी सहाला दोघंही ताजेतवाने बाहेर. मी एकदा डोकावलो तर हॅमस्टर पेटीतल्या भुशात आणि आजोबा गोधडीत, दोघंही गुरफटून झोपलेले होते. जर्बिलपंथाची दीक्षा माणसाला कुठल्याही वयात मिळू शकते.

आता दुसरा पक्ष. होला. मारुती चितमपल्लींनी ज्या शहरात वर्षानुवर्षं राहून पाखरांची आणि रानाची नावं मराठीत आणली, त्या शहरात राहून आम्ही सगळ्याला ‘कबुतर’ म्हणतो, ही शरमेची गोष्ट आहे. कबुतर म्हणजे तो पारवा, जो इमारतींच्या बाल्कन्यांत घाण करतो आणि ज्याच्यासाठी आपण जाळ्या बसवतो. होला त्याहून लहान, सडपातळ, गरीब चेहऱ्याचा. नागपुरात तो दोन-तीन प्रकारचा दिसतो. मानेवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची पट्टी असलेला ठिपकेवाला होला त्यातला खरा उष्ण कटिबंधातला रहिवासी. भारतापासून आग्नेय आशियापर्यंत त्याचं माहेर आणि माणसाने त्याला हवाई बेटांवर, ऑस्ट्रेलियातही नेऊन सोडलंय. तिथेही तो असाच, कडेला उभा राहून दाणे टिपत, कुणाच्या अध्यातमध्यात न येता स्थायिक झाला.

नागपुरात होल्याशी माणसाची ओळख कूलरमुळे होते. सप्टेंबर-ऑक्टोबरात कूलर बंद करून खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर तसाच सोडून द्यायचा आणि होळीनंतर आठवण काढायची, ही आपली रीत. मग ताट्या बदलायला मिस्त्री येतो, कूलरचं झाकण काढतो आणि म्हणतो, ‘साहेब, आत घरटं आहे.’ घरटं हा शब्द उदार आहे. दहा-पंधरा काड्या, तिरप्या-तारप्या, मधून खालचा पत्रा दिसतोय आणि त्यावर दोन पांढरी अंडी. इतकं बेफिकीर बांधकाम करूनही त्याची जात टिकून आहे, याची कारणं पाखरांच्या शास्त्रात असतील. आम्ही मात्र हे बांधकाम पाहिलं की आमच्या भागातल्या एका रस्त्याची आठवण काढतो.

अंडी असली की कूलर चालत नाही. नागपूरकर कितीही तापला तरी पाखराचं घरटं उचलून फेकत नाही. निदान घरात बायको असेपर्यंत तरी. मग हिशोब सुरू : साधारण दोन आठवडे उबवणं, नंतर आणखी दोन आठवडे पिल्लं उडेपर्यंत. म्हणजे एप्रिलचा मध्य. मिस्त्री वैतागतो : ‘तुमाले तं मी होळीच्या आधी फोन करा म्हटलं होतं, साहेब. आता सगळं नागपूरच बोलावून राहिलं मले.’ तेवढा महिना ते कुटुंब हातपंखा, ओला टॉवेल आणि उच्च नीतिमूल्यं यांवर काढतं.

या सक्तीच्या सहवासात होल्याचा स्वभाव कळतो. उबवायचं काम नर-मादी वाटून करतात आणि वाटणी मजेशीर आहे. नर साधारण सकाळी उशिरापासून दुपार सरेपर्यंत बसतो, बाकीचा वेळ, रात्रीसकट, मादी. म्हणजे नराची ड्युटी जवळजवळ सरकारी कार्यालयाच्या वेळेची, तीही नेमकी उन्हाच्या तडाख्याची. पिल्लं निघाल्यावर दोघंही गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं पांढरं, दाट, दुधासारखं द्रव्य त्यांना भरवतात. पाखरांत असं ‘दूध’ देणारे थोडेच. आणि बाप दूध पाजतो हे पाहून आमच्या सौ.नी माझ्याकडे जो कटाक्ष टाकला, त्याचं तापमान कुठल्याही केंद्रावर नोंदवलं गेलेलं नाही.

पण मुद्दा उन्हाचा. दुपारी दोन वाजता बघा. कडुनिंबावर कावळा चोच वासून धापा टाकत असतो. चिमण्या, साळुंक्या, सगळ्यांच्या चोची उघड्या. होला मात्र सावलीत पंख थोडे सैल सोडून, चोच मिटून, शांत. मधूनच घूं घूं करतो. याला ऊन लागत नाही की काय? लागतं. पण बाकीची पाखरं तोंडाने धापा टाकून जेवढं पाणी वाफ करतात, तेवढं होल्याच्या आणि पारव्याच्या कुळातली पाखरं मुख्यतः कातडीतून वाफ करतात. घाम नाही, थेंब नाही, पिसांखालच्या त्वचेतून ओल सतत निसटत राहते आणि अंग थंड ठेवते. इस्रायलमधल्या संशोधकांनी १९८० च्या दशकात उष्ण हवेला सरावलेले पारवे कोरड्या, साठ अंश हवेत ठेवून पाहिले. पारवे तगले, धापा टाकण्याचीही त्यांना फारशी गरज पडली नाही. म्हणजे ३० मेचे ते ५६ अंश खरे असते तरी आमच्या कूलरवरच्या मंडळींच्या पिसाला धक्का लागला नसता. ‘आम्हाला सवय आहे’ असं म्हणायचा खरा हक्क त्यांचा, आणि ते बोलत नाहीत.

होला म्हणजे चालता-फिरता डेझर्ट कूलर आहे. ताटीतून पाणी झिरपतं, कोरडी हवा त्यातून जाते, पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते आणि आत गारवा. नागपूरच्या कूलरमागचं सगळं तत्त्व एवढंच. पूर्वी वाळ्याच्या ताट्या असत, त्यांवर पाणी शिंपडलं की घरभर सुगंध. आता लाकडाच्या बारीक काप्या जाळीत भरतात. मुंबईच्या लोकांना आमचा कूलर कळत नाही. त्यांच्याकडची हवा आधीच पाण्याने भरलेली, तिथे पाण्याची वाफ होणार कशी? एका मुंबईकर नातेवाइकांनी इथून हौसेने कूलर नेला आणि जूनमध्ये परत पाठवला, ‘घरात बुरशी आली’ या चिठ्ठीसह.

पण कूलरला पाणी लागतं आणि होल्यालाही. सुकं धान्य, बी हेच त्याचं मुख्य जेवण. जर्बिलसारखं मूत्रपिंड नाही, जर्बिलसारखं बीळ नाही. कातडीतून पाणी उधळायचं, तर ते रोज भरावं लागतं. म्हणून होला वाळवंटात राहिलाच तर पाणवठ्याच्या पल्ल्यात राहतो. आणि पाणी पिण्याची त्याची तऱ्हा कोंबडीसारखी नाही. कोंबडी चोचीत घोट घेते, मान वर करते, गिळते, पुन्हा खाली. होला चोच पाण्यात बुडवतो आणि मान खाली ठेवून सरळ ओढून घेतो, आणि काही क्षणांत दिवसाचा साठा भरून उडून जातो. एप्रिलच्या दुपारी सीताबर्डीवर रसवंतीच्या ठेल्यापुढे उभं राहिलात तर हीच पद्धत दिसेल : ग्लास ओठाला लागला की डोळे मिटून तळाला पोचेपर्यंत वर नाही.

आमच्या मामी होलापंथी. ‘पाणी प्या, पाणी वापरा, पाणी मारा’ हा त्यांचा जप. वाळ्याचा माठ, ताक, पन्हं, कोकम, दर दोन तासांनी ओट्यावर रांग. दारं-खिडक्या बंद करून अंधारात बसणं त्यांना मंजूर नाही : ‘मेल्यावर आहेच की अंधार.’ म्हणून महालातल्या त्या वाड्यात सकाळी आठपासून मूक युद्ध असतं. मामा खिडकी लावतात, मामी तिच्यात कूलर बसवून घेतात. मामांचा आक्षेप कूलरला नाही, त्याच्या पाण्याला आहे. पेंच धरणातून आणि कन्हान नदीतून शहराला पाणी येतं, त्यातलं मोठं प्रमाण मे महिन्यात मामींच्या कूलरच्या टाकीत जातं असा त्यांचा ठाम समज आहे. टाकी कोणी भरायची यावर दोघांचे जे संवाद होतात त्यावरून मला वाटतं, होल्यांनी उबवण्याच्या पाळ्या ठरवताना बरंच समंजस राजकारण केलं असावं.

‘अहो, पाणी संपलं, गरम हवा येतेय.’

‘आत्ताच तर भरली.’

‘आत्ताच म्हणजे सकाळी.’

‘मग उन्हाळा आहे, पितो तो.’

पाणी संपलेला कूलर हा कुठल्याही पंख्याहून वाईट. पंचेचाळीस अंशांची हवा तो जोराने अंगावर फेकतो. होल्याचंही तसंच. जवळ पाणी नसलेला होला हा उन्हात बसलेला एक लहानसा, मऊ, अत्यंत अडचणीतला पक्षी आहे. तिथे कातडीची करामत उपयोगाची नाही, ती उलट त्याला लवकर वाळवते. म्हणून मातीच्या पसरट भांड्यात गच्चीवर पाणी ठेवणारी माणसं होल्याच्या बाबतीत खरंच उपयोगाचं काम करतात. कांगारू उंदरासाठी ठेवलं असतं तर त्याने बघून न बघितल्यासारखं केलं असतं.

माणसाचं काय? शरीराने आपण होलापंथी. घाम हेच आपलं शस्त्र. कष्टाचं काम करणारा माणूस कडक उन्हात तासाला एक लिटरहून जास्त घाम गाळू शकतो. तेवढं आत जायला हवं, आणि सावली नसली तर तेही पुरत नाही. म्हणून अक्कल मात्र आपण उंदराकडून उसनी घेतो : दुपारी बाहेर पडू नका. पालिका, डॉक्टर, आकाशवाणी, मामा, सगळे एकमुखाने हेच सांगतात. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते कडक नऊ दिवस, लागला की ही सूचना आणखी जोरात. सांगणं सोपं आहे. सीताबर्डीच्या फुटपाथवर पट्टे-बेल्ट विकणारा, इतवारीत पोती वाहणारा, सिमेंट रोडचं काम करणारी बाई, अन्न पोचवणारं पोरगं, यांना बीळ कुठलं? ऑर्डर तर आपणच देतो, आपल्या बिळात बसून, दुपारी दीडला, आणि दार उघडून त्याला ‘उशीर झाला’ म्हणतो. शहराने काही गोष्टी केल्या आहेत. उन्हाळ्यात भर दुपारी काही चौकांतले सिग्नल बंद ठेवतात, काही ठिकाणी हिरव्या जाळीचा मांडव घालतात, म्हणजे लाल दिव्याला थांबणाऱ्या दुचाकीवाल्याला मिनिटभराचं बीळ. त्या जाळीखाली उभं राहायला मिळावं म्हणून स्टॉप लाइनच्या वीस फूट मागेच थांबणारी माणसं मी पाहिली आहेत. नागपूरच्या वाहतुकीत स्टॉप लाइनच्या मागे कुणी थांबावं, हा केवढा पराक्रम! कित्येक वर्षांची चलानं जे करू शकली नाहीत ते एका कापडाने केलं.

आता कोण श्रेष्ठ, असा वाद मामा-मामींनी माझ्यापुढे ठेवलाच, तर मी होल्याच्या बाजूने आहे. जर्बिलचं कौतुक आहे, पण त्याची हुशारी सगळी न खर्चण्यात आहे. होला बाहेर राहतो, लोकांत राहतो, दुपारी कडुनिंबावर बसून गातो, दोन काड्यांत संसार करतो आणि रोज पाण्यावर जाऊन येतो. एक सांगायला हवं : त्याच्या चैनीला आजूबाजूला कुणीतरी पाणी ठेवणारं लागतं. मामा हे ऐकून म्हणाले, ‘म्हणजे तुझी मामी.’

जूनच्या मध्यावर पाऊस येतो आणि दोन्ही पंथांचा एकदमच पराभव होतो. हवा दमट झाली की कूलरची वाफ होत नाही, घरात चिकचिक होते, होल्याच्या कातडीची युक्तीही मंदावते. आणि बिळात? बिळात पाणी शिरतं. २०१८ साली मुंबईकरांनी धाडस करून पावसाळी अधिवेशन नागपुरात घेतलं. जुलैमध्ये असा मुसळधार पाऊस झाला की विधानभवनाच्या वीज-यंत्रणेच्या खोलीत पाणी शिरलं, दिवे गेले आणि कामकाज दिवसभरासाठी थांबलं. मामांनी ती बातमी कापून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे.

पहिला जोराचा पाऊस होऊन गेला की त्यांच्या वाड्यात युद्धाची दिशाच बदलते.

‘अगं, बंद कर तो कूलर. पापड झालेत मऊ.’

‘पंप बंद केलाय. नुसता पंखा ठेवलाय.’

‘मग खिडकी तरी उघड.’

‘तुम्हीच लावली होती ना मार्चमध्ये. आता फुगलीय, उघडत नाही. मिस्त्रीला बोलवा.’

‘तो येईल होय आता? पावसात सगळं नागपूर बोलावून राहिलं असेल त्याला.’